बुडबुड्यांची दुसरी रांग

१

सकाळी आठ वीसची लाँच आठ वीसलाच सुटायची. त्या गावात घड्याळावर चालणारी तेवढी एकच गोष्ट होती, बाकी सगळा आनंदीआनंद. लाँच चालवणाऱ्याला सगळे कप्तान म्हणत. हे नाव कुणी आदरानं ठेवलं की थट्टेनं, ते आता कुणालाच आठवत नव्हतं. तेवीस वर्षं तो या काठाची माणसं त्या काठाला नेत होता आणि संध्याकाळी परत आणून सोडत होता. "मी पुष्कळ फिरलोय," तो म्हणायचा, "फक्त रस्ता एकच होता."

रस्ता अकरा मिनिटांचा. इंजिन सुरू करण्याआधी तो जेटीच्या टोकाला उभा राहून पाण्यावर नजर टाकायचा. तरंगता बोया, त्यावर लाल झेंडा आणि झेंड्यावर पांढरा तिरका पट्टा दिसला, की खाली पाणबुडे आहेत असं समजायचं. मग शंभर मीटर लांबून, मुंगीच्या पावलांनी जायचं. झेंडा नसला की सरळ. गेली दोन वर्षं हा नियम इतका कडक पाळला जात होता, की झेंडा दिसला तर प्रवासीसुद्धा आपसूक हळू बोलत.

त्या मंगळवारी झेंडा नव्हता. वारा नव्हता, लाट नव्हती. निम्मं अंतर कापल्यावर कप्तानाला डाव्या अंगाला बुडबुडे दिसले. मूठभर वर आले, फुटले आणि पाणी पुन्हा सपाट झालं. थोड्या वेळानं पुन्हा मूठभर. मधल्या वेळात आपण मनात आकडे मोजतोय हे त्याच्या लक्षात आलं. प्रत्येक वेळी पाचच भरत होते.

त्यानं इंजिन बंद केलं.

"काय हो कप्तान, डिझेल संपलं की उत्साह?" पुढच्या बाकावरून शाळेच्या बाईंनी विचारलं. त्या बारा वर्षं त्याच बाकावर बसत आणि बारा वर्षं त्याची फिरकी घेत.

"खाली माणूस आहे, बाई."

"अहो, झेंडा कुठाय पण?"

झेंडा कुठेच नव्हता. चार मिनिटं लाँच तशीच डुलत राहिली. लोक घड्याळं बघू लागले. मग बुडबुडे थांबले आणि त्याचा नाइलाज झाला. परतीच्या फेरीनंतर तो जेटीशेजारच्या डायव्हिंगच्या शेडमध्ये गेला. "आज कुणी उतरलं होतं का रे?" त्यानं दारातूनच विचारलं.

"नाही काका," आतून धाकटा म्हणाला. "या आठवड्यात वर्गच नाहीत."

सहाही सिलिंडर फळीवर जागच्या जागी होते. कप्तानानं ते दोनदा मोजले.

२

डायव्हिंगचं ते छोटं शिकवणीघर दोघा भावांनी काढलं होतं. गाव त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचं. थोरला पाण्याखाली नेऊन शिकवायचा, धाकटा काठावरचं सगळं बघायचा. सिलिंडर भरणं, नावं लिहून घेणं, झेंडा लावणं.

या झेंड्याचीच सगळ्यांनी वाट लावली होती. बोयाला खाली जड वजन असायचं. ते रोज टाकायचं, रोज ओढून काढायचं म्हणजे कमरेचा काटा ढिला. म्हणून भाऊ तो आठवडा आठवडा तिथंच ठेवायला लागले. पाण्यात कुणी असो नसो, झेंडा आपला फडफडतोय. कप्तानाला दर फेरीला वळसा पडायचा, प्रवाशांना उशीर व्हायचा आणि शिव्या त्याला खाव्या लागायच्या. शेवटी एक दिवस तो भांडायला गेला आणि चहा पिऊन परत आला. येताना तोड निघाली होती. खाली खरोखर कुणी असेल तेव्हा धाकट्यानं तिकिटाच्या खोलीत ठेवलेला पिवळा टॉवेल जेटीच्या कठड्यावर टाकायचा. टॉवेल दिसला तर कप्तानानं वळसा घ्यायचा, नाहीतर सरळ यायचं.

"झेंडा सरकारसाठी, टॉवेल आपल्यासाठी," थोरला हसून म्हणाला होता. दोघांनी टाळ्या दिल्या होत्या. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी वारा होता. कप्तान जेटीवर आला तेव्हा टॉवेल फळ्यांवर पडला होता आणि लोक त्यावरून चालत होते. डायव्हिंगचे वर्ग दहाला लागत आणि अजून सव्वाआठ व्हायचे होते. काल काढायचा राहिला असणार, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं टॉवेल उचलला, झटकला, नीट घडी घातली आणि तिकिटाच्या खोलीतल्या बाकावर नेऊन ठेवला. कुणाची वस्तू पायदळी जाऊ नये, एवढाच त्यामागचा चांगुलपणा.

आदल्या दिवशी एका शिकणाऱ्याचा कॅमेरा तळाशी पडला होता. तो शोधायला थोरला त्या दिवशी लवकर उतरला होता. धाकटा शेडमध्ये सिलिंडर भरत होता, आणि कॉम्प्रेसर सुरू असला की तिथं कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नसे. लाँच झेंड्याच्या अगदी जवळून गेली. बुडाला काहीतरी हलकंसं लागलं. ओंडका असेल असं कप्तानाला वाटलं. त्यानं मागं वळून बघितलं, आणि पंख्यानं घुसळलेलं पाणी पांढरं नव्हतं.

चौकशी झाली. "कठड्यावर टॉवेल होता का?" साहेबांनी विचारलं.

"नव्हता, साहेब," कप्तान म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं. टॉवेल घडी घातलेला, तिकिटाच्या खोलीत सापडला. म्हणजे बाहेर काढलाच नव्हता, असं सगळ्यांनी धरलं. धाकटा ढसाढसा रडत सांगत होता, की मी टाकला होता, मी स्वतः टाकला होता. लोकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्याच्या आईनं तर त्या दिवसापासून त्याच्याशी अबोला धरला. घर एक, चूल एक, आणि तोंडातून शब्द नाही.

कप्तान एका वाक्यात हे सगळं फिरवू शकला असता. उद्या सांगू, असं तो ठरवायचा. पहिला आठवडा गेला, मग महिना गेला. आणि इतके दिवस का सांगितलं नाहीस, या प्रश्नाची भीती मूळ गोष्टीपेक्षा मोठी होऊन बसली.

३

बुधवारी बुडबुडे पुन्हा दिसले. गुरुवारीही.

कप्तान भुताखेतांना भीक घालणारा माणूस नव्हता. तळाला गाळ आहे, गाळात पाला कुजतो, त्याचा वायू सुटतो, हे त्याला ठाऊक होतं. पण वायू एका जागी सुटतो. हे बुडबुडे लाँचच्या डाव्या अंगानं, चार हात अंतर राखून, लाँचच्याच वेगानं बरोबर येत होते. त्यानं वेग कमी केला, तेही रेंगाळले. इंजिन बंद केलं तर तेही एका जागी येत राहिले. मूठभर, मग पाच आकडे, मग मूठभर. शुक्रवारी ते पार जेटीपर्यंत आले आणि फळ्यांखाली गेले. तिकिटाच्या खोलीची जमीन त्याच फळ्यांची होती. तो आत जाऊन बाकावर बसला. पायाखाली पाणी चुबकत होतं, ते रोजचंच. त्या चुबकण्याच्या मधून मधून गुळगुळ असा दुसरा आवाज येत होता, बरोबर बाकाखालून. तो उठून दारात उभा राहिला आणि उरलेली तिकिटं त्यानं दारातच फाडली.

दुपारी तो घरी जेवत होता. बायको समोर बसली होती. आतल्या खोलीतून कुणीतरी नळीतून हवा ओढावी तसा लांबलचक आवाज आला. मग क्षणभर शांतता आणि मग गुळगुळ.

"टाकी भरतेय का गं?"

"सकाळीच भरली. का?"

तो हात तसाच खरकटा घेऊन आत गेला. पलंग, कपाट, खिडकीत वाळत घातलेले त्याचे मोजे. न्हाणीघरातला नळ कोरडा ठणठणीत. तो परत पानावर येऊन बसला आणि भात नुसता चिवडत राहिला.

"अहो, काय खातंय तुम्हाला?" बायकोनं विचारलं. "आजचं नाही म्हणत मी. दोन वर्षं बघतेय. एवढं मनाला लावून घ्यायला तुमची चूक होती का ती?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तिनं विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं. त्यानं ताक मागितलं.

४

शनिवारी तो शेडमध्ये गेला तो सगळं सांगायचं ठरवूनच. वाटेत त्यानं वाक्य चारदा घोकलं होतं. अरे, टॉवेल तू टाकला होतास, मी उचलला. सात शब्द.

धाकटा रबरी नळ्या पुसत बसला होता. तो तिशीचा असेल, पण खांदे साठीच्या माणसाचे झाले होते. भाऊ गेल्यापासून तो स्वतः पाण्यात उतरला नव्हता. बाहेरून एक शिकवणारा यायचा आणि हा काठावर झेंड्याची दोरी धरून बसायचा, वर्ग संपेपर्यंत जागचा हलायचा नाही.

"आई कशी आहे?" कप्तानानं विचारलं.

"बरी आहे. मी विचारतो रोज, आई जेवलीस का. ती भिंतीकडे बघते." तो हसल्यासारखं हसला. "बसा ना काका."

कप्तान बसला. ते सात शब्द ओठांवर आले, आणि त्यांच्या जागी भलतंच बाहेर पडलं. त्यानं बुडबुड्यांचं सांगितलं.

धाकट्याच्या हातातली नळी खाली पडली. "कुठं? नेमकं कुठं?"

"झेंडा असायचा तिथूनच सुरू होतात."

"श्वास कसा आहे? घाईघाईचा की सावकाश?"

"सावकाश. मध्ये पाच आकडे."

"दादा तसाच घ्यायचा," धाकटा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि चेहऱ्यावर जे होतं ते कप्तानाला बघवेना. तो आनंद होता. "माझा सिलिंडर संपायचा तरी त्याच्यात दहा मिनिटांची हवा असायची. काका, तुम्हाला ठाऊक आहे, पाण्याखाली इंजिनचा आवाज लांबून ऐकू येतो. पण कुठून येतोय ते कळत नाही. सगळीकडून येतो. त्यानं ऐकला असणार. वर टॉवेल आहे, कप्तान वळसा घेतील, असं धरून तो निवांत वर आला असणार."

"अरे..."

"मला अजून आठवतं हो, मी टाकला. कठडा ओला होता, बोटांना गार लागला. पण टॉवेल तर बाकावर सापडला, घडी घालून. म्हणजे मला जे हवंय तेच आठवतं, होय ना? मी स्वतःलाच फसवतोय."

कॉम्प्रेसर बंद होता. शेडमध्ये इतकी शांतता होती, की ते सात शब्द कुजबुजत म्हटले असते तरी चाललं असतं.

"जाऊ दे रे," कप्तान म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस."

पुढं आयुष्यभर त्याला स्वतःचं हेच वाक्य ऐकू येणार होतं. बाकी कुठलंच नाही.

तो निघाला तेव्हा धाकट्यानं हाक मारली. "काका, पुन्हा दिसले तर लाँचच्या पत्र्यावर पान्यानं तीनदा ठोका. खालच्याला वर बोलवायची खूण आहे. त्यानं ऐकलं तर तोही तीनदा ठोकेल."

५

रविवारी लाँच नसायची. सोमवारी सकाळी शेडचं दार उघडं दिसलं. साफसफाई काढली असेल पोरानं, असं म्हणून कप्तान चाकापाशी गेला. कठडा मोकळा. पाण्यावर झेंडा नाही. आठ वीसला लाँच सुटली.

अर्ध्यावर त्याला बुडबुडे दिसले. सावकाश, पाच आकड्यांचे, रोजच्यासारखे. आणि त्यांच्या शेजारी दुसरी रांग होती.

दुसऱ्या रांगेत अंतर नव्हतंच. बारीक, भराभर, एकावर एक. पाण्याची सवय तुटलेला माणूस असाच धापा टाकतो.

उघडं दार आणि हे बुडबुडे, दोन्हींचा अर्थ त्याला एकदमच लागला. त्यानं इंजिन बंद केलं. झेंडा लावला असता तर चार लोकांनी विचारलं असतं, अडवलं असतं. म्हणून पोरगा तसाच उतरला होता. भावाची माफी मागायला, न केलेल्या चुकीची.

"आज पण?" कुणीतरी वैतागून म्हणालं. "कप्तान, आम्हाला कामंधंदे आहेत."

त्यानं पाना उचलला आणि गुडघ्यांवर बसून पत्र्यावर तीनदा ठोकला.

लाँचमधली तीसेक माणसं गप्प झाली. मग बुडाखालून, अगदी शाळेच्या बाईंच्या पायांखालून, टक टक टक असा आवाज आला. बाईंनी पाय वर घेतले.

लगेच दुसरीकडून, उजव्या अंगानं, पुन्हा टक टक टक.

"कप्तान, खाली दोघं आहेत का हो?" बाईंच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

तो लाँचच्या कडेवरून पाण्यावर ओणवा झाला आणि ओरडायला लागला. "अरे वर ये! टॉवेल तू टाकला होतास! खाली पडला होता, मी उचलला, घडी मी घातली! तुझी चूक नव्हती रे, माझी होती! ऐकतोस का? वर ये, पोरा, वर ये!" त्याचा आवाज फाटला. मागं सगळे थिजून ऐकत होते. ज्यानं ऐकायचं होतं त्याच्यापर्यंत यातला शब्दही पोचत नाही, हे तेवीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला कळत होतं. तरी तो ओरडत राहिला.

चार हातांवर पाण्यातून एक हात वर आला. काळा हातमोजा, पंजा उघडा. पाणबुडे वर येण्याआधी असाच हात काढतात. मनगट दिसलं, कोपर दिसलं. कप्तानानं वाकून स्वतःचा हात लांबवला. वीतभर अंतर राहिलं होतं.

तेव्हा त्या हाताशेजारी दुसरा हात वर आला. त्यावर मोजा नव्हता. तो पांढराफटक होता आणि कोपरापर्यंत पोचायच्या आधीच त्याला काहीतरी झालं होतं. कप्तानाला नीट दिसलं नाही, आणि जे दिसलं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. त्या हातानं मोज्यातलं मनगट धरलं. ओढाताण नाही, झटापट नाही. थोरल्या भावानं धाकट्याला रस्ता ओलांडायला धरावं तसं धरलं. काळा पंजा हळूहळू मिटला. दोन्ही हात खाली गेले.

बुडबुड्यांच्या रांगा खोल पाण्याच्या दिशेनं निघाल्या. धापा टाकणारी रांग हळूहळू शांत झाली. तिच्यातही पाच पाच आकड्यांचं अंतर पडू लागलं. मग दोन्ही दिसेनाशा झाल्या.

कप्तानानं पाण्यात उडी घेतली होती. त्याला वर ओढायला चार माणसं लागली.

६

धाकटा तिसऱ्या दिवशी मिळाला. बाहेरून आलेल्या पाणबुड्यांनी तळाच्या गाळातून काढला. अंगावर जखम नव्हती. सिलिंडरमध्ये अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक होती. यावर त्या लोकांनी आपसात बरीच चर्चा केली आणि कागदावर काहीतरी लिहून ते निघून गेले.

चौथ्या दिवशी कप्तान भावांच्या घरी गेला. दार ढकललेलंच होतं. समोरच्या खोलीत दोन खुर्च्या, एक पलंग आणि भिंतीला टेकून बसलेली त्यांची आई. सत्तरीच्या पुढची. तो दाराशीच जमिनीवर बसला.

"काकू, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"टॉवेलचं ना? आलंय कानावर."

तिनं शिव्या द्याव्यात, अंगावर धावून यावं, असं त्याला वाटत होतं. त्याची तयारी करूनच तो आला होता. ती शांत होती.

"मी त्याच्याशी बोलले नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं. सोमवारी उतरायच्या आधीसुद्धा दारातून विचारून गेला, आई जेवलीस का. मी भिंतीकडे तोंड केलं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "टाकला होता म्हणायचा पोरगा. किती वेळा म्हणायचा."

"माझं चुकलं, काकू. मी..."

"लाँचवर किती माणसं होती रे?"

"तीस असतील."

"तिसांना सांगितलंस," ती म्हणाली. "आता मला सांगायला आलास. त्याला तेवढं नाही सांगितलंस."

आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.